सर्व्हरवर सॉफ्टवेअर बसवताना: ॲप्टमधून घ्यायचं की मूळ सोर्समधून?

"पॅकेजमधलं व्हर्जन जुनं होतं म्हणून गिटहबवरून घेतलं." लिनक्स नव्याने हाताळणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी हे वाक्य कधी ना कधी येतंच. (गिटहब म्हणजे मूळ लेखक आपला सोर्स, म्हणजे प्रोग्रॅमचा कोड, जिथे ठेवतात ती साइट.) त्यावर मी एकच विचारते: नव्यात नेमकं काय आहे, जे तुला हवंय? बहुतेक वेळा समोरून उत्तर येत नाही. उत्तर येत नसेल तर हे सगळं वाचायचीही गरज नाही. ॲप्ट इन्स्टॉल करा (ॲप्ट ही डेबियन-उबंटूवर तयार पॅकेजं बसवणारी कमांड) आणि चहाला जा.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात काम करते. ग्रंथालयाचं कोहा (पुस्तकांच्या देवघेवीचं सॉफ्टवेअर), जुन्या मराठी पुस्तकांचं स्कॅनिंग आणि ओसीआर (चित्रातला मजकूर ओळखणं), शिवाय प्रयोगशाळेतली मशिन्स, असं सगळं डेबियन या लिनक्सवर चालतं. ते सांभाळायला मी आणि अर्धवेळ येणारा एक मुलगा. म्हणजे सर्व्हरकडे रोज बघायला कुणाला सवड नाही, अशा जागेसाठी हे लिहिते आहे. ज्यांच्याकडे या कामाला स्वतंत्र टीम आहे त्यांचं गणित वेगळं.

कमांड देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप अर्थातच रोमनमध्ये करायच्या.

माझा निकष नवं-जुनं हा नाहीच. मी विचारते, याचं पुढचं अपडेट कोण आणणार? डेबियनच्या रेपोमधून (पॅकेजांच्या भांडारातून) घेतलं तर डेबियन आणणार. मूळ प्रकल्पाच्या स्वतःच्या रेपोमधून घेतलं तर तो प्रकल्प आणणार, पण तुम्ही लक्ष ठेवलंत तर. सोर्स उतरवून कंपाइल केलंत, म्हणजे त्यापासून प्रोग्रॅम स्वतः बांधलात, तर तुम्हीच आणणार, कायम, अगदी दिवाळीच्या सुट्टीतसुद्धा. सॉफ्टवेअर बसवायला अर्धा तास लागतो, पण डेबियनचं एक स्टेबल व्हर्जन लोक पाच वर्षं वापरतात: पहिली तीन डेबियनच्या सुरक्षा गटाकडे, पुढची दोन एलटीएसवाल्यांकडे (लांब मुदतीच्या दुरुस्त्या देणाऱ्या गटाकडे). एवढा काळ तुम्ही त्या एका टारबॉलमागे (सोर्सच्या गठ्ठ्यामागे) धावणार आहात का, हे आधी ठरवा.

आकडा जुना, म्हणजे सॉफ्टवेअर जुनं असं नाही

या एका गैरसमजापोटी लोक सगळ्यात जास्त नको ती कामं करून बसतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीतला (लायब्ररी म्हणजे इतर प्रोग्रॅम वापरतात तो तयार कोड) हार्टब्लीड दोष उघड झाला. १.०.१ पासून १.०.१एफपर्यंतची व्हर्जन्स धोक्यात होती आणि मूळ प्रकल्पाने दुरुस्त केलेलं १.०.१जी काढलं. त्या वेळी डेबियनचं स्टेबल होतं ७, म्हणजे व्हीझी, आणि त्यात १.०.१ई होतं. डेबियनने व्हीझीला १.०.१जी दिलंच नाही. फक्त त्या दोषाची दुरुस्ती उचलून जुन्या १.०.१ई मध्ये बसवली आणि पॅकेजचा आकडा केला १.०.१ई-२+डेब७यू५. नुसतं 'ई' बघणाऱ्याला वाटेल, मेलो. पण शेवटचं 'डेब७यू५' सांगतं की डेबियन ७ साठी या पॅकेजवर पाचव्यांदा हात फिरलाय आणि भोक बुजलंय.

याला बॅकपोर्ट म्हणतात. कारण साधं आहे. नव्या व्हर्जनबरोबर नवी वागणूक येते. कॉन्फिगरेशनमधला एखादा पर्याय गळतो, एखादा डिफॉल्ट बदलतो, आणि सोमवारी सकाळी काउंटरवर विद्यार्थ्यांची रांग लागलेली असताना बारकोड स्कॅन होईनासा होतो. डेबियन स्टेबल घेणारा माणूस नेमकं हेच टाळायला स्टेबल घेतो.

ऑडिटवाले आले की हमखास एक स्कॅनर फिरवतात. तो पोर्टवर सर्व्हर सांगतो तो व्हर्जनचा आकडा वाचतो आणि अपाचे, ओपनएसएसएच (दुरून लॉगिन करायचं सॉफ्टवेअर), पीएचपी यांच्यापुढे लाल शेरे मारून देतो. आमच्याकडे एकदा अशा अहवालाच्या शेवटी चक्क 'सर्व सॉफ्टवेअर मूळ संकेतस्थळावरून अद्ययावत करावे' अशी शिफारस होती. अशा वेळी वाद घालत बसू नका. अहवालातला सीव्हीई क्रमांक (सुरक्षा दोषाला दिलेला जागतिक क्रमांक) घ्या, ॲप्ट चेंजलॉग अपाचे२ असं टाइप करा आणि त्या लांबलचक यादीत तो क्रमांक शोधा. सापडला तर ती ओळ, तारीख आणि पॅकेजचा पूर्ण आकडा कॉपी करून उत्तराला जोडा. सापडला नाही तर डेबियनच्या सिक्युरिटी ट्रॅकरवर तोच क्रमांक टाका. तिथे प्रत्येक स्टेबलपुढे लिहिलेलं असतं: दुरुस्त, अजून बाकी, किंवा हा दोष या व्हर्जनला लागूच नाही. 'बाकी' दिसलं तर मग खरी काळजी करायची. मी जोडलेल्या ओळींवर अजून कुणी हरकत घेतलेली नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करते. डिस्ट्रोमधल्या (डेबियन, उबंटूसारख्या लिनक्सच्या तयार संचातल्या) सगळ्याच पॅकेजांकडे सारखं लक्ष नसतं. उबंटूमध्ये 'मेन' आणि 'युनिव्हर्स' असे भाग आहेत. मेनची जबाबदारी उबंटूची कंपनी कॅनॉनिकल घेते, तर युनिव्हर्सचा भार मुख्यतः समाजावर असतो आणि त्याच्या दीर्घ सुरक्षा अपडेटसाठी उबंटू प्रो ही तिची सेवा लागते. आणि ब्राउझरसारख्या अजस्र गोष्टींना बॅकपोर्ट करणं कुणालाच झेपत नाही, म्हणून डेबियनसुद्धा स्टेबलमध्ये फायरफॉक्स ईएसआर आणि क्रोमियमची नवी व्हर्जन्स सरळ घालतं.

आधी ॲप्ट पॉलिसी

काहीही उतरवण्याआधी ॲप्ट पॉलिसी आणि पुढे पॅकेजचं नाव. ही कमांड काहीच बदलत नाही, फक्त सांगते. 'इन्स्टॉल्ड'पुढे आत्ता काय आहे, 'कँडिडेट'पुढे इन्स्टॉल म्हटलं तर काय येईल, आणि खाली तक्त्यात कुठल्या रेपोत कुठलं व्हर्जन आहे ते. प्रत्येक ओळीआधीचा आकडा म्हणजे प्राधान्य: नेहमीच्या रेपोला ५००, बॅकपोर्ट्स नावाच्या वेगळ्या रेपोला (वरच्या बॅकपोर्टशी गल्लत नको) १००. बॅकपोर्ट्स रेपो जोडलं तरी मशिन आपोआप नव्याकडे उडी मारत नाही, ते या १०० मुळेच. तिथलं हवं असेल तर ॲप्ट इन्स्टॉल, मग हायफन टी आणि पुढे बुकवर्म-बॅकपोर्ट्स (बुकवर्म हे डेबियन १२ चं नाव) असं मुद्दाम सांगावं लागतं.

बॅकपोर्ट्स ही विसरली गेलेली पायरी आहे. डेबियनच्या पुढच्या व्हर्जनमधली निवडक पॅकेजं सध्याच्या स्टेबलवर बांधून तिथे ठेवलेली असतात. प्रयोगशाळेत मुलांना नवं लिबरऑफिस हवं असतं. मी तिथूनच घेते आणि लिबरऑफिसच्या साइटकडे फिरकत नाही. सुरक्षा गटाचं थेट लक्ष बॅकपोर्ट्सवर नसतं, ते काम पॅकेज करणाऱ्याच्या अंगावर असतं. म्हणून डेस्कटॉपच्या वस्तू तिथून खुशाल घ्याव्यात. बाहेरच्या जगाला उघडा असलेला सर्व्हर घेताना मात्र दोनदा विचार करावा.

टेसरॅक्ट: प्रोग्रॅम डेबियनचा, डेटा बाहेरचा

आमचं ओसीआरचं काम टेसरॅक्टवर चालतं. मुळात एचपीमध्ये जन्मलेला हा प्रोग्रॅम २००५ मध्ये खुला झाला. पुढे गूगलने त्याला बळ दिलं आणि चौथ्या व्हर्जनपासून त्यात न्यूरल नेटवर्कचं इंजिन आलं. डेबियन १२ मध्ये ५.३.० आहे आणि मराठीचं वेगळं पॅकेज आहे: टेसरॅक्ट-ओसीआर-एमएआर. ते बसवलं की मराठी पान वाचायला सुरुवात होते.

अडचण आली जुन्या छपाईत. खिळ्यांनी जुळवलेली पानं, पुसट झालेले रफार, जोडाक्षरांचा गोळा झालेला. आमच्या अर्धवेळ मुलाने लगेच सुचवलं, "मॅडम, सोर्समधून लेटेस्ट टाकू या का?" त्याला म्हटलं, आधी बघ, अडतंय कुठे. प्रोग्रॅममध्ये अडतच नव्हतं.

टेसरॅक्टचा भाषा-डेटा मूळ प्रकल्प तीन भांडारांत ठेवतो: नुसता टेसडेटा, टेसडेटा-फास्ट आणि टेसडेटा-बेस्ट. डेबियनच्या पॅकेजमध्ये येतो तो फास्ट. बेस्ट आकाराने मोठा आणि चालायला हळू, पण कठीण पानावर जास्त अचूक. म्हणजे हवी होती ती एक फाइल: बेस्टमधली एमएआर डॉट ट्रेन्डडेटा. त्यासाठी प्रोग्रॅम, त्याची लेप्टॉनिका लायब्ररी आणि बाकीचा गोतावळा कंपाइल करणं म्हणजे डोंगर पोखरून उंदीर काढणं.

आता ती फाइल ठेवायची कुठे? पॅकेजची फाइल यूएसआर, शेअर, टेसरॅक्ट-ओसीआर, ५, टेसडेटा या फोल्डरात असते. तिच्यावरच नवी फाइल डकवण्याचा मोह होतो. तसं करू नका. पुढच्या अपडेटला डेबियन आपली फाइल परत तिथे ठेवेल, कुणाला पत्ता लागणार नाही, फक्त ओसीआर एकाएकी वाईट यायला लागेल. यूएसआरखाली 'लोकल' सोडून जे काही आहे ते डेबियनचं. तुमचं सगळं यूएसआर-लोकल नाहीतर ऑप्टमध्ये.

मी यूएसआर-लोकल-शेअरमध्ये टेसडेटा-बेस्ट नावाचं फोल्डर केलं, फाइल तिथे टाकली आणि चालवताना दोन हायफन टेसडेटा-डिर असं म्हणून तो पत्ता दिला. नुसता मजकूर हवा असेल तर एवढ्यावर भागतं. पण शेवटी पीडीएफ म्हटलं की टेसरॅक्ट 'कान्ट ओपन पीडीएफ' असं कुरकुरतं. पीडीएफ हा शब्द म्हणजे एका छोट्या कॉन्फिग फाइलचं नाव असतं आणि टेसरॅक्ट ती तुम्ही दिलेल्या फोल्डरातच शोधतं. म्हणून पॅकेजच्या फोल्डरातल्या कॉन्फिग्ज, टेसकॉन्फिग्ज आणि पीडीएफ डॉट टीटीएफ या तिघांच्या सिमलिंक (मूळ फाइलीकडे बोट दाखवणारे दुवे) नव्या फोल्डरात करायच्या. मजकुरात मधेमधे इंग्रजी असेल आणि भाषा 'एमएआर अधिक ईएनजी' देणार असाल तर इंग्रजीची ट्रेन्डडेटा फाइलही तिथे लागते. दोन हायफन लिस्ट-लँग्ज म्हणून बघा. त्याला कुठल्या भाषा दिसताहेत ते कळतं.

आता टेसरॅक्टमध्ये काही सुरक्षा दोष निघाला तर डेबियन त्याची दुरुस्ती पाठवेल, आणि डेटा जागच्या जागी राहील. प्रोग्रॅम आणि त्यावर चालणारा डेटा वेगळा करता येतो का, हे टेसरॅक्टपुरतं नाही, प्रत्येक वेळी तपासा. फॉन्ट, शब्दकोश, थीम, प्लगइन, नकाशे यांत तो बहुधा करता येतो.

कोहा: मूळ प्रकल्पाचंच रेपो

कोहाची गोष्ट उलटी. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टसाठी १९९९ मध्ये ते लिहायला घेतलं आणि २००० च्या जानेवारीत सुरू झालं. आज आपल्याकडच्या कितीतरी महाविद्यालयीन ग्रंथालयांत तेच आहे. पण डेबियनच्या मुख्य भांडारात कोहा नाही. कोहाचे लोक स्वतःचं ॲप्ट रेपो चालवतात आणि त्यातलं कोहा-कॉमन हे पॅकेज बसवायचं असतं. ज्यांना 'अपस्ट्रीम' (मूळ प्रकल्प) म्हणजे 'टारबॉल' वाटतं त्यांनी हा मधला रस्ता लक्षात ठेवावा. पोस्टग्रेस या डेटाबेसचंही असंच स्वतःचं ॲप्ट रेपो आहे, आणि तिथली बांधणी डेबियनमध्ये पोस्टग्रेस सांभाळणाऱ्यांच्याच हातची.

कोहा टारबॉलमधूनही बसतं. ते पर्ल भाषेत आहे आणि त्याला पर्लची ढीगभर मॉड्यूल्स लागतात. कोहा-कॉमन ती सगळी तयार पॅकेजांतून ओढून आणतं. टारबॉलवाला मात्र जे सापडत नाही ते सीपॅनवरून (पर्ल मॉड्यूल्सच्या सार्वजनिक साठ्यातून) ओढतो. आमच्या शेजारच्या गावातल्या एका ग्रंथालयाचा सर्व्हर असा कुणा ठेकेदाराने उभा करून दिला होता आणि नंतर तो आमच्या गळ्यात आला. भाड्याच्या घरात आधीच्या भाडेकरूने टाकून ठेवलेल्या वायरिंगसारखा: दिवे लागतात, पण तार कुठून कुठे गेलीय ते टाकणाऱ्यालाच ठाऊक, आणि तो फोन उचलत नाही.

तिथे डेबियन ११ वरून १२ ला नेलं की काय होतं बघा. पर्ल ५.३२ वरून ५.३६ ला जातं. सीपॅनने टाकलेली मॉड्यूल्स यूएसआर-लोकलमध्ये ज्या फोल्डरांत असतात त्यांच्या नावातच पर्लचा आकडा असतो. नवं पर्ल नव्या आकड्याचं फोल्डर बघतं, ते रिकामं. मग 'कान्ट लोकेट' आणि मॉड्यूलचं नाव, अशी ओळ लॉगमध्ये येते. एक बसवलं की पुढचं नाव, ते बसवलं की त्याच्या पुढचं. आम्ही तो डेटाबेस डम्प करून (फाइलीत उतरवून) घेतला, कोऱ्या डेबियनवर कोहा-कॉमन टाकलं आणि डेटा त्यात चढवला. दुरुस्तीपेक्षा हे लवकर झालं.

बाहेरचं रेपो जोडताना तीन गोष्टी बघा.

एक, किल्ली, म्हणजे रेपोवरची सही जिने तपासली जाते ती. जुन्या मार्गदर्शिकांत ॲप्ट-की ॲड असं असतं. ते सोडून द्या. त्या पद्धतीने दिलेली किल्ली सगळ्याच रेपोंना लागू होते, म्हणजे उद्या कोहाच्या किल्लीने सही केलेलं ओपनएसएसएच आलं तरी ॲप्ट ते मान्य करेल. किल्लीची फाइल ईटीसी-ॲप्टखालच्या कीरिंग्ज फोल्डरात ठेवा आणि रेपोच्या ओळीत साइन्ड-बाय लिहून तिचा पत्ता द्या. मग ती किल्ली त्या एका रेपोपुरतीच राहते.

दोन, रेपोच्या ओळीत 'स्टेबल' लिहिण्याऐवजी आकडा लिहा. कोहाचे आकडे वर्ष आणि महिना असे असतात, २४.११ म्हणजे नोव्हेंबर २०२४ चं, आणि दर सहा महिन्यांनी, मे आणि नोव्हेंबरमध्ये, नवं येतं. 'स्टेबल' लिहिलंत तर एखाद्या दिवशी साध्या ॲप्ट अपग्रेडमध्ये मोठी उडी होते, डेटाबेसची रचना बदलते आणि मागे यायचा रस्ता उरत नाही. परीक्षेच्या आठवड्यात हे नको. आकडा लिहिला की त्या शाखेच्या दुरुस्त्या येत राहतात आणि उडी कधी मारायची ते तुम्ही ठरवता. त्याआधी कोहा-डम्प चालवा आणि निघालेल्या फाइली दुसऱ्या मशिनवर न्या. त्याच डिस्कवर पडलेला बॅकअप काही कामाचा नाही.

तीन, स्वयंचलित अपडेट. अनअटेंडेड-अपग्रेड्स चालू आहे म्हणून निर्धास्त असणारे पुष्कळ. पण त्याच्या डिफॉल्ट यादीत फक्त डेबियनचे स्वतःचे स्रोत असतात. बाहेरच्या रेपोला ते हात लावत नाही आणि यूएसआर-लोकलमध्ये काय आहे याची त्याला कल्पनाही नसते. बाहेरचं रेपो जोडलंत की त्या प्रकल्पाच्या घोषणांची यादी ईमेलवर सुरू करा, आणि ती वैयक्तिक पत्त्यावर नको, कामाच्या सामाईक पत्त्यावर. तुम्ही रजेवर असाल तेव्हा दुसऱ्याला दिसली पाहिजे.

'मूळ' म्हणजे शुद्ध का?

डिस्ट्रोवाले मधे लुडबुड करतात, मूळ लेखकाचं तेच खरं, असं मानणाऱ्यांचा एक पंथ आहे. त्यांच्याकडे मुद्दाच नाही असं नाही. २००६ मध्ये डेबियनने आपल्या ओपनएसएसएलमध्ये केलेल्या एका बदलामुळे किल्ल्या बनवताना लागणारी यादृच्छिकता जवळजवळ नाहीशी झाली. प्रत्येक प्रकारच्या जेमतेम ३२,७६८ वेगवेगळ्या किल्ल्या निघू शकत होत्या, आणि हे मे २००८ पर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. एक्सस्क्रीनसेव्हरच्या लेखकाने २०१६ मध्ये वैतागून डेबियनला सांगितलं होतं की तुम्ही माझं इतकं जुनं व्हर्जन देत असाल तर सरळ काढून टाका, कारण केव्हाच सुधारलेल्या दोषांच्या तक्रारी मला येतात. त्याचा वैताग मला पटतो. म्हणून पॅकेज वापरत असाल तर दोष आधी डेबियनकडे नोंदवा, त्यासाठी रिपोर्टबग नावाचा प्रोग्रॅमच आहे.

पण दुसरी बाजू २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली आकसवणाऱ्या सॉफ्टवेअरने दाखवली. २९ मार्चला आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसच्या प्रोग्रॅमरने जाहीर केलं की एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये चोरदरवाजा आहे. त्याच्या डेबियन अनस्टेबल (नवी पॅकेजं आधी येतात ती शाखा) मशिनवर एसएसएचचं लॉगिन अर्ध्या सेकंदाने हळू झालं होतं, तेवढ्यावरून त्याने माग काढला. तो चोरदरवाजा सुरू करणारी बिल्ड-स्क्रिप्ट गिटमध्ये (सगळ्यांना दिसणाऱ्या सोर्सच्या साठ्यात) नव्हतीच. ती होती फक्त प्रकाशित टारबॉलमध्ये, आणि त्या टारबॉलवर प्रकल्पाच्या अधिकृत देखभाल करणाऱ्याचीच, जिया टॅन नाव घेतलेल्या माणसाची, सही होती. म्हणजे मूळ ठिकाणाहून घ्या, सही तपासा, हे सगळं नीट केलेला माणूसही फसला असता. सही कुणाची ते कळतं, आत काय ते कळत नाही.

यात डिस्ट्रोंचाही हात होता, हे लपवायचं कारण नाही. मूळ ओपनएसएसएचला एक्सझेडची लायब्ररी लागतच नाही. सिस्टमडीला (सेवा सुरू-बंद करणाऱ्या प्रोग्रॅमला) निरोप देता यावा म्हणून डेबियन आणि इतरांनी त्यात जो पॅच घातला होता, त्यातून ती आत आली. तरीही डेबियन स्टेबल वापरणारे सुटले, कारण त्यांच्याकडे ५.४.१ होतं. ज्याला सगळे 'जुनं' म्हणतात ते. अनस्टेबलमध्ये डेबियनने मागे घेतलेल्या पॅकेजचा आकडा होता ५.६.१+रिअली५.४.५. आकड्यातच कबुली.

कंपाइल करायचंच असेल तर

कधीकधी खरंच लागतं. बॅकपोर्ट्समध्ये नाही, मूळ प्रकल्पाचं रेपो नाही, आणि हवी ती सोय फक्त नव्यात आहे. तरीही लगेच मेक इन्स्टॉलकडे (बांधलेलं थेट सिस्टममध्ये टाकणाऱ्या कमांडकडे) धावू नका.

डेबियनच्या पुढच्या व्हर्जनमध्ये ते पॅकेज असेल तर त्याचं सोर्स-पॅकेज घेऊन आपल्या मशिनवर बांधा. स्रोतांच्या यादीत पुढच्या व्हर्जनची फक्त डेब-एसआरसी ओळ जोडायची, डेब ओळ नाही. डेब-एसआरसीमुळे काहीही इन्स्टॉल होत नाही, फक्त सोर्स उतरवता येतो. मग ॲप्ट बिल्ड-डेपने बांधणीला लागणारी सामग्री, ॲप्ट सोर्सने सोर्स, डीसीएच दोन हायफन बीपीओने आकड्यात बदल आणि डीपीकेजी-बिल्डपॅकेजने बांधणी. डीसीएच आकड्याच्या शेवटी '~बीपीओ१२+१' असं काहीतरी लावतं. ती नागमोडी खूण महत्त्वाची, कारण ती असलेला आकडा डेबियनच्या क्रमवारीत मूळ आकड्यापेक्षा लहान धरला जातो. उद्या मशिन डेबियन १३ ला नेलंत की तुमचं घरचं पॅकेज आपोआप बाजूला होतं आणि खरं येतं. मेक इन्स्टॉलने टाकलेलं काहीच असं बाजूला होत नाही.

हेही जमत नसेल तर टारबॉल. कॉन्फिगर करताना प्रीफिक्स द्या: ऑप्टमध्ये त्या प्रोग्रॅमच्या नावाचं आणि आकड्याचं वेगळं फोल्डर. काढायचं झालं की ते फोल्डर उडवलं, संपलं. मेक अनइन्स्टॉलवर भिस्त ठेवू नका, ते प्रत्येक प्रकल्पात असतंच असं नाही. बऱ्याच गोष्टी असतील तर जीएनयू स्टो वापरा. प्रत्येक गोष्ट यूएसआर-लोकल-स्टोखाली आपापल्या फोल्डरात राहते, आणि यूएसआर-लोकलमध्ये तिच्या नुसत्या सिमलिंक जातात, एका कमांडने परत काढता येतील अशा.

लायब्ररी मात्र यूएसआर-लोकल-लिबमध्ये टाकू नका. डेबियनवर लिंकर तो फोल्डर सिस्टमच्या लायब्ररींच्या आधी बघतो. तुम्ही एका प्रोग्रॅमसाठी नवी लेप्टॉनिका नाहीतर ओपनएसएसएल तिथे ठेवलीत की बाकीचे प्रोग्रॅमही गुपचूप तीच उचलायला लागतात. मग डेबियनने ओपनएसएसएलची दुरुस्ती पाठवली, ॲप्टने ती बसवली, आणि चालतेय मात्र तुमचीच जुनी. संशय आला तर एलडीडी (प्रोग्रॅम कुठल्या लायब्ररी उचलतो ते दाखवणारी कमांड) आणि पुढे प्रोग्रॅमचा पूर्ण पत्ता देऊन बघा. एखाद्या ओळीत यूएसआर-लोकल दिसलं की चोर सापडला.

पायथॉनची वेगळी गोष्ट नाही. डेबियन १२ पासून सुडो पिप इन्स्टॉल (पायथॉनची पॅकेजं बसवायची कमांड) म्हटलं की 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' असा नकार येतो, आणि तिथेच खाली ब्रेक-सिस्टम-पॅकेजेस नावाचा पर्याय दिसतो. त्याचं नाव काय आहे ते एकदा वाचा आणि पुढे जा. प्रोजेक्टसाठी व्हीएन्व्ह (पॅकेजांचा स्वतंत्र कप्पा), कमांडसारखं चालवायचं असेल तर पिपएक्स.

आणि स्टेबलमध्ये अनस्टेबलची डेब ओळ घालणं, किंवा डेबियनवर उबंटूचं पीपीए (कुणी स्वतः चालवलेलं रेपो) जोडणं, यावर एकच शब्द: नको. एक छोटं पॅकेज हवं असतं, त्याला नवी लिबसी (जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅमच्या पायाची लायब्ररी) लागते, आणि लिबसी हलली की सगळं घर हलतं.

जे बाहेरून घ्याल त्याची नोंद त्याच मशिनवर ठेवा. रूटच्या फोल्डरात मी एक साधी टेक्स्ट फाइल ठेवते. त्यात काय टाकलं, कुठून, कुणाच्या मागणीवरून, आणि काढायची अट काय. टेसरॅक्टच्या ओळीत माझी अट अशी आहे: 'डेबियनने बेस्ट डेटाचं पॅकेज दिलं, तर हे फोल्डर काढणे.' अट लिहिलेली नसली की पुढचा माणूस भीतीपोटी काहीच काढत नाही.

डेबियन १२ वरून १३ ला जायच्या दिवशी ही फाइल आधी उघडा. कोहा नव्या डेबियनवर चालतं असं कोहावाल्यांनी सांगितलेलं नसेल तर तिथेच थांबा, डेबियन १२ ला एलटीएसच्या दुरुस्त्या जून २०२८ पर्यंत आहेत. सांगितलेलं असेल तर डम्प दुसऱ्या मशिनवर न्या, बाहेरची सगळी रेपो बंद करा, डेबियनचं अपग्रेड पूर्ण करा आणि ॲप्ट लिस्टला प्रश्नचिन्ह-ऑब्सोलीट हा नमुना अवतरणचिन्हांत देऊन बघा. आता कुठल्याच रेपोत नसलेली पॅकेजं दिसतील. त्यात कोहा-कॉमन दिसणारच, घाबरू नका, त्याचं रेपो तुम्हीच बंद केलंय. बाकी ओळखीचं नसलेलं प्रत्येक नाव तपासून काढा. मग रेपो एकेक करून आकड्यासकट परत जोडा, प्रत्येकानंतर ॲप्ट पॉलिसी बघा. टेसरॅक्टच्या सिमलिंक अजून खऱ्या फाइलींकडे बोट दाखवतात का तेही बघा. त्यानंतर काउंटरवर एक पुस्तक इश्यू करून परत घ्या, जुन्या छपाईचं एक पान ओसीआर करून पीडीएफ निघते का बघा, आणि मगच ग्रंथपाल सरांना सांगा की काउंटर उघडायला हरकत नाही.